फोटोतला फौजी कोण?
घराण्याचा माग : लेखांक ७

जुन्या फौजी फोटोत आपला माणूस शोधताना बहुतेक जण आधी चेहरा पाहतात. नाक आजोबांसारखं, कपाळ काकांसारखं, म्हणजे हे आपले पणजोबाच! ओळखीचा हा सगळ्यांत कच्चा पुरावा आहे. एकाच घरात तीन पिढ्या नाक सारखं असतं, आणि पलटणीच्या फोटोत तर एकाच तालुक्यातली, एकाच वयाची, एकसारख्या मिशांची चाळीस माणसं ओळीने उभी असतात. म्हणून चेहरा शेवटी पाहायचा. आधी अंगावरचे कपडे वाचायचे.

इंद्रपुरी, पिपलानी, बरखेडा या भागातल्या अनेक मराठी घरांची भोपाळची गोष्ट कारखान्यापासून सुरू होते. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स, म्हणजे आजचं भेल, उभं राहिलं आणि महाराष्ट्रातून माणसं नोकरीला आली. ट्रंकेत देवांच्या तसबिरींबरोबर एखादा फौजी फोटोही आला. गाव मागे राहिलं आणि फोटोतली नावं सांगणारी म्हातारी माणसंही तिकडेच राहिली. इथे वाढलेल्या पिढीकडे उरलं ते एकच वाक्य : ‘आमचे पणजोबा लढाईला गेले होते.’ लढाई कोणती, पलटण कोणती, हे कुणाला सांगता येत नाही.

इंद्रपुरीतल्या एका घरी असाच एक फोटो आहे. आठ-दहा जवान, मधल्या माणसाच्या बाहीवर तीन फिती, पुढे जमिनीवर वक्र मॅगझिनची मशिनगन. घरात सांगतात की मधले ते पणजोबा, कूटच्या वेढ्यातले. कूटची हकीकत खरी आहे. इराकमधल्या कूट-अल-अमारा इथे पुणे डिव्हिजन वेढली गेली होती, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेला शरण जावं लागलं. कैदेत हजारो माणसं मेली. त्यामुळे मराठी घरांत कूटचं नाव टिकून राहिलं, यात नवल नाही.

पण फोटो वेगळंच सांगतो. जवानांच्या छातीवर दोन्ही बाजूंना कापडी पट्ट्याचे दोन मोठे चौकोनी खिसे आहेत. हे १९३७ च्या नमुन्याचं साहित्य. हे खिसे मोठे केले तेच ब्रेन मशिनगनची मॅगझिनं मावावीत म्हणून. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायाच्या अंगावर बहुधा चामड्याचा, छोट्या कप्प्यांचा काडतूसपट्टा दिसतो. समोरची वक्र मॅगझिनची मशिनगनही तीसच्या दशकातली किंवा त्यानंतरचीच. म्हणजे हा फोटो दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा आहे, कूटचा असूच शकत नाही. मग तीन फितींचे ते हवालदार पणजोबा नव्हेत. ते बहुधा त्यांचे चिरंजीव, म्हणजे आजोबा, ज्यांचा फौजेतला एकही फोटो नाही असं घरात धरून चालले होते. पिढीची अशी अदलाबदल ही कौटुंबिक फोटोंमधली नेहमीची चूक आहे. ती दुरुस्त झाली की घराला एक माणूस परत मिळतो.

बिल्ला हा दुसरा साक्षीदार. मराठा लाइट इन्फंट्रीची खूण बिगूल. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे ती मशिनगनची पलटण झाल्यावर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या मशिनगन आल्या. बिल्ल्यावर राजमुकुट दिसला तर फोटो ब्रिटिश अमदानीतला किंवा तिच्या अगदी कडेचा. अशोकाचे सिंह दिसले तर प्रजासत्ताक भारतातला. खांद्यावरच्या पितळी अक्षरांत १०३ किंवा ११७ असा तीन आकडी क्रमांक असेल तर तो १९०३ ते १९२२ या काळातला. १९०३ मध्ये मुंबईच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले, आणि १९२२ च्या फेररचनेत त्यांतल्या मराठा पलटणी पाचव्या मराठा रेजिमेंटच्या बटालियन झाल्या. ग्वाल्हेर, इंदूरहून भोपाळला आलेल्या कुटुंबांनी एक शक्यता वेगळी ठेवावी : त्यांचा माणूस शिंदे-होळकरांच्या संस्थानी फौजेत असू शकतो, आणि त्या फौजेचे बिल्ले निराळे.

पदकं नीट पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांत एक कांस्य तारा आणि दोन गोल पदकं असं त्रिकूट असेल, तर बहुधा तो माणूस १९१५ संपण्याआधी रणभूमीवर पोचलेला. नुसती दोन गोल पदकं असतील तर नंतर गेलेला. पदक घरात असेल तर सोन्याहून मोलाचं : गोल पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना कोरी पदकं मिळाली, हिंदी सैनिकांची मात्र नावानिशी होती. फोटोत पदकं उजव्या छातीवर दिसली तर थांबा. एक तर फोटो उलटा छापलेला आहे, नाहीतर माणसाने आपल्या वडिलांची पदकं लावली आहेत. बटणांची बाजू पाहिली की कोणतं खरं ते कळतं. रंगांवरून मात्र अंदाज बांधू नका. जुन्या काचपट्ट्यांवर लाल रंग काळपट आणि निळा फिका उतरतो, त्यामुळे पदकाची फीत हमखास फसवते.

हे सगळं झाल्यावर कागदाकडे जायचं. युद्धात मेलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या खुल्या यादीत शोधता येते. तिथे पुष्कळदा बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही सापडतो. नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं असेल, म्हणून गावावरून शोधा. जिवंत परतलेल्यांसाठी ही यादी उपयोगाची नाही. त्यांच्यासाठी डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, बेळगाव किंवा सागर इथलं रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. भोपाळकरांना सागर जवळ आहे. महार रेजिमेंटचं केंद्र तिथेच आहे. पंजाबच्या पहिल्या महायुद्धातल्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या नोंदी लाहोर संग्रहालयात सापडल्या आणि २०२१ पासून त्या लोकांसमोर येऊ लागल्या. मराठी मुलखासाठी असं काम व्हायलाच हवं. गावोगावच्या वेशीवर, देवळांपाशी ‘या गावातून इतके लोक युद्धास गेले’ असे दगड आहेत. साताऱ्याजवळच्या आपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, हे लोकांना ठाऊक आहे ते स्मारकामुळे. पण अशा दगडांवर बहुतेकदा आकडा असतो, नावं नसतात. नावं घरांत आहेत.

म्हणून या रविवारी एवढं करा. फोटो फ्रेममधून काढता येत असेल तर अलगद काढून मागची बाजू पाहा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, काहीही असू शकतं. पाठीला चिकटलेला असेल तर ओढू नका. दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मग घरातल्या सर्वांत वडील माणसासमोर तो ठेवा आणि ‘हे कोण?’ असं विचारण्याआधी ‘हे कुठे होते, कुणाबरोबर होते, परत कधी आले?’ हे विचारा. उत्तर जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या लेखांकात डिस्चार्ज बुक कसं वाचायचं ते पाहू.