स्टाफरूममधली खुर्ची

लोणारच्या सरोवराच्या काठावर उभं राहिलं की नवखा माणूस आधी गप्प होतो. पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंदीचं, जवळजवळ गोल असं ते विवर, झाडीनं भरलेले उतार आणि तळाशी खारं पाणी. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ साली त्याची नोंद केली. पुढे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ इथे आले आणि हे विवर उल्केच्या आघातानं झालं, याचे पुरावे १९७३ मध्ये जगापुढे मांडले गेले. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुन्हा नमुने गोळा झाले, बाटल्या प्रयोगशाळांत गेल्या. त्याच वर्षी सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. विवराचं वय नक्की किती, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही.

मी या गावी आलो तो सरोवर पाहायला नव्हे. बदलीवर आलो. बँकेत अधिकारी होतो, वय बत्तीस. शाखेत बसून अनेक पाहुण्या प्राध्यापकांचे प्रवासी धनादेश मी हाताळले. एकदा चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सहज विचारलं, "साहेब, एवढे प्रोफेसर इथं येतात. इथून किती प्रोफेसर झाले हो?" मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही गेला नाही.

हे साल १९९४. त्याच वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला होता २७ जुलै १९७८ ला. मधली साडेपंधरा वर्षं मोर्च्यांत, जाळपोळीत आणि तुरुंगवासात गेली. लोणार मराठवाड्याच्या अगदी वेशीवरचं गाव. बसस्टँडवर त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता.

त्या पावसाळ्यात एक तरुण माझ्या टेबलासमोर येऊन बसला. परिसरातल्या एका महाविद्यालयात तो मराठी शिकवायचा. तांड्यावरचा. आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जायचे. हा आजीजवळ राहून शिकला, एम. ए. झाला आणि पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. प्रबंध लिहून झाला होता. टंकलेखन, बांधणी, फी आणि अमरावतीच्या खेपा यांसाठी त्याला दहा हजार रुपये कर्ज हवं होतं.

मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "सर, पगाराचा दाखला आणा. हप्ता कापून देण्याचं कॉलेजचं हमीपत्र आणा."

"साहेब, मी तासिका तत्त्वावर आहे. माझा पगार नसतो, मानधन असतं. तेही वर्षाकाठी एकदा, बिल मंजूर झाल्यावर."

"मग दोन कायम प्राध्यापक जामीनदार द्या."

तो जरा थांबला. म्हणाला, "जामीन राहायला ओळख लागते, साहेब. मी स्टाफरूममध्ये बसत नाही. ग्रंथालयात बसतो."

"का? कुणी मनाई केली?"

"नाही, मनाई कुणीच केली नाही. तिथं माझी खुर्ची नाही."

मी अर्ज परत केला. त्याच आठवड्यात त्याच महाविद्यालयातल्या एका कायम प्राध्यापकांना स्कूटरसाठी कर्ज दिलं. दोन्ही वेळा मी नियमानं वागलो. पण खरं सांगायचं तर एवढ्या रकमेपुरता स्वतःच्या अधिकारात निर्णय घेण्याची मुभा मला होती. शिफारस लिहायला पाच ओळी लागल्या असत्या. मी त्या लिहिल्या नाहीत. पुढे त्यानं सावकाराकडून पैसे उचलल्याचं शिपायाकडून कळलं. वर्षभरानं माझी बदली झाली आणि त्याच्या प्रबंधाचं काय झालं, हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मनाई नाही, पण जागाही नाही. ही गोष्ट किती जुनी आहे, हे मला नंतर वाचनातून समजलं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनचा अभ्यास अर्ध्यावर ठेवून परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. नेमणूक सरकारी, विद्वत्ता निर्विवाद. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी घ्यावं, याला काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. आक्षेप घेणारे अडाणी नव्हते, तेही प्राध्यापकच होते. वर्गात मुलं त्यांचं व्याख्यान मन लावून ऐकू लागली होती आणि प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याच्या भांड्यावरून वाद होता. १९२० मध्ये साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. त्या मित्रानं जामीनदार मागितले नव्हते, हे बँकवाला म्हणून माझ्या लक्षात राहिलं आहे.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याआधी नऊ वर्षं एका प्राध्यापकाला पाण्याचा प्रश्न महाविद्यालयाच्या आतच भेटला होता, हे आपण सहसा आठवत नाही.

बाबासाहेबांनी पुढे औरंगाबादेत १९५० साली महाविद्यालय काढलं, तेच मिलिंद महाविद्यालय. तिथे प्राचार्य होते म. भि. चिटणीस, सवर्ण घरातले. ज्यांना पाणी नाकारलं गेलं होतं, त्यांनी आपल्या संस्थेत खुर्ची देताना जात आडवी येऊ दिली नाही. गंगाधर पानतावणे तिथे शिकवत होते. 'अस्मितादर्श'च्या पानांवर त्यांनी लिहित्या माणसांची एक पिढी उभी केली. वऱ्हाडातलीही मुलं वेस ओलांडून मिलिंदला जात. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात त्यांतले एक. ते पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपानं शेतकऱ्यांच्या पोरांना शाळा-कॉलेजांची दारं उघडली. म्हणजे टपरीवरच्या त्या गृहस्थांना उत्तर देता आलं असतं. वाट मिळाली तिथं माणसं झाली.

मग अडतं कुठं? मी हिशेबाचा माणूस, म्हणून हिशेबातूनच सांगतो.

बँकेत व्याज काढताना पन्नास पैशांच्या आतली रक्कम सोडून देतात. एका खात्यात चाळीस पैसे गेले तर कुणाचं बिघडत नाही. पण हजार खात्यांत चाळीस-चाळीस पैसे सोडले, तर चारशे रुपये जातात. कुणी चोरले नाहीत, तरीही गेले.

प्राध्यापकांच्या आरक्षणाचं नेमकं असंच झालं. केंद्रीय पातळीवर अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात आणि इतर मागासवर्गाला २७ टक्के जागा. टक्केवारी जमत जमत पूर्ण एक झाली की एक जागा राखीव, असा बिंदुनामावलीचा हिशेब. सत्तावीस टक्के चौथ्या जागेला एक पुरा करतात, पंधरा टक्के सातव्या जागेला आणि साडेसात टक्के चौदाव्या जागेला. म्हणून चौथा बिंदू इतर मागासवर्गाचा, सातवा अनुसूचित जातींचा, चौदावा जमातींचा.

आता संपूर्ण विद्यापीठ एक धरून ९९ जागांचा हिशेब करा. अनुसूचित जातींच्या वाट्याला चौदा जागा येतात. तेच विद्यापीठ तीन-तीन जागांच्या तेहतीस विभागांत तोडा आणि प्रत्येक विभागाचा हिशेब वेगळा मांडा. चौथा बिंदूच कुठे येत नाही. वाटा शून्य, सगळ्यांचाच. पुढची पाळी यायची ती कुणीतरी निवृत्त झाल्यावर, आणि प्राध्यापक निवृत्त व्हायला तीस-तीस वर्षं लागतात.

ही माझी कल्पना नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयानं एप्रिल २०१७ मध्ये विभाग हेच एकक धरावं असा निर्णय दिला. मार्च २०१८ मध्ये अनुदान आयोगानं त्याप्रमाणे आदेश काढला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याविरुद्धची याचिका फेटाळली. देशभर निदर्शनं झाली, मार्चमध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये संसदेनं कायदा केला की केंद्रीय शिक्षणसंस्थांत संपूर्ण संस्था हेच एकक. टक्केवारीला कुणी हात लावला नव्हता. भांडण होतं ते भागाकार कसा करायचा याचं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राखीव जागांमुळे आपला मुलगा मागे पडला असं वाटणारी घरं आहेत. त्यांची तगमग खोटी नाही. त्यांच्यासाठीही न्यायालयानं हिशेब घालून दिला आहे. १९९५ च्या सब्रवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बिंदुनामावली चालू खात्यासारखी चालावी, पण ठरलेला वाटा पुरा होईपर्यंतच. पुरा झाला की जो निवृत्त होईल त्याच्याच प्रवर्गातला माणूस त्या जागी यावा. कमी नको आणि जास्तही नको. खातं जुळलं पाहिजे, एवढंच.

गुणवत्तेचं काय, असा प्रश्न नेहमी येतो. १९९१ पासून अधिव्याख्याता व्हायला राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा आली. ती उत्तीर्ण झालेली मुलं मुलाखतीला बसतात आणि निवड समितीच्या कागदावर शेरा येतो : 'योग्य उमेदवार आढळला नाही'. कधी तो खरा असेलही. पण वर्षानुवर्षं एकाच रकान्यात तोच शेरा पडू लागला, तर बँकेत आम्ही खातं तपासणीला पाठवत असू. देशातल्या उच्चशिक्षणाची पाहणी केंद्र सरकार करतं. तिच्या २०२१-२२ च्या अहवालात सुमारे सोळा लाख अध्यापक आहेत. त्यांत अनुसूचित जातींचे शंभरात सुमारे नऊ, जमातींचे अडीचच्या आसपास. स्त्रिया सुमारे ४३ आहेत. प्राध्यापक, विभागप्रमुख, प्राचार्य अशी पायरी चढत गेलं की आपापल्या गावच्या महाविद्यालयातल्या फलकावर त्यांची नावं किती उरतात, हे वाचकांनी स्वतःच मोजून पाहावं.

आणि तासिका तत्त्व? तिथे तर सगळ्याच जातींची मुलं अडकली आहेत. जागा रिकामी ठेवायची आणि तिचे तासातासांचे तुकडे करून वाटायचे. तुकड्याला निवृत्तिवेतन नाही, बाळंतपणाची रजा नाही. पण घरी शेती, वाडा किंवा दुसऱ्याचा पगार असलेला माणूस या तुकड्यांवर दहा वर्षं तग धरतो. ज्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, तो तिसऱ्या वर्षी उठून जातो. मग आपण म्हणतो, उमेदवारच मिळत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्याच भागातल्या एका महाविद्यालयानं मला कादंबरीकार म्हणून व्याख्यानाला बोलावलं. सकाळी सरोवरावर जाऊन आलो. काठावरच्या गोमुखाची गोड्या पाण्याची धार आजही वाहते आहे, लोक ओंजळीनं पाणी पीत होते. व्याख्यान झालं, शाल-श्रीफळ झालं. स्टाफरूममध्ये चहा आला. दाराशी एक तरुण मुलगी वही घेऊन उभी होती. माझ्या कादंबरीविषयी तिला काही विचारायचं होतं. तिचा प्रश्न नेमका होता. पुस्तकातली एक चूक तिनं बरोबर पकडली होती. मी म्हणालो, "बसा ना मॅडम." तिनं खोलीत नजर फिरवली आणि सहज सांगितलं, "नाही सर, आम्ही सीएचबीवाले ग्रंथालयात बसतो."

तीस वर्षांनी तेच वाक्य. सांगणारी दुसरी आणि आवाजात तक्रारही नाही. तक्रार नव्हती, हेच मला अधिक लागलं.

मी प्राचार्यांना म्हणालो, "माझा चहा तिकडेच पाठवा." ग्रंथालयात सहाजण होते, तीन मुली, तीन मुलं. कुणाच्या आडनावावरून काय कळायचं ते कळत होतं, कुणाच्या नाही. तासभर बोललो. निघताना एकानं भीतभीत विचारलं, "सर, तुम्ही बँकेत होता ना? आमच्यासारख्यांना कर्ज मिळतं का हो?"

मी त्यांना १९९४ ची गोष्ट सांगितली. नाव न घेता, पण मी काय केलं ते न लपवता. कुणी काही बोललं नाही. मग त्या मुलीनं विचारलं, "त्या पाच ओळी आज लिहायच्या झाल्या, तर काय लिहाल, सर?"

तिच्याच वहीतलं एक पान मागून घेतलं आणि लिहायला बसलो. अर्जदार नियमित शिकवतो. विद्यार्थी त्याच्या तासाला बसतात. त्याचं उत्पन्न अनियमित आहे, कारण ते संस्थेनं तसं ठेवलं आहे. त्यात त्याचा दोष नाही. कर्ज मंजूर करावं.

खाली सही केली आणि तारीख घातली. पान तिच्याकडेच राहिलं.