मुंबई-लंडन अंतर किती? आधी सांगा, कसलं अंतर?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी शहराशहरांतली हवाई अंतरं काढायचं काम माझ्याकडे आलं. सोपं वाटलं. एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर धरले, अक्षांश-रेखांशांतल्या फरकांना पायथागोरस लावला आणि मुंबई-दिल्ली काढलं. उत्तर आलं सुमारे १,१५५. खरं अंतर १,१४० च्या आसपास आहे. जमलं की! म्हणून तीच पद्धत सगळ्या यादीला लावली.

गाईडनी फक्त मुंबई-लंडनच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे आले होते जवळपास ८,९००. खरं अंतर सुमारे ७,२००. तब्बल १,७०० किलोमीटरची चूक!

असं का झालं? रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा असतो, तर लंडनच्या अक्षांशावर तो ७० पेक्षाही कमी भरतो. शिवाय गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग 'ग्रेट सर्कल'वरून जातो. म्हणून इथे हॅवरसाइन सूत्र वापरायचं, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून. (अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर करायला विसरू नका, हमखास चुकतं.) मुंबई-दिल्ली बरंचसं दक्षिणोत्तर आणि जवळचं, त्यामुळे तिथे चूक लपली. म्हणून पद्धत तपासताना ती जिथे फसण्याची शक्यता जास्त, तेच उदाहरण आधी घ्या.

आता वेळ. अंतर भागिले वेग, झालं? नाही. वेळापत्रकात असतो तो 'ब्लॉक टाइम', म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा वेळ. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं. त्यावरून काढलेला वेग म्हणजे विमानाचा उडण्याचा वेग नव्हे. आणि दोन्ही वेळा स्थानिक असतात, तेव्हा भारत-ब्रिटनमधला साडेपाच तासांचा (उन्हाळ्यात साडेचार) फरक आधी काढून टाका.

मग वारा. वरच्या थरांतले वारे बहुतेकदा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. तुम्ही म्हणाल, येण्या-जाण्याची सरासरी घेतली की वाऱ्याचा परिणाम निघून जाईल. करून बघा. समजा अंतर ७,२००, विमानाचा वेग ९०० आणि वारा १००. जाताना ७,२०० भागिले ८००, म्हणजे ९ तास. येताना ७,२०० भागिले १,०००, म्हणजे ७.२ तास. एकूण १६.२. वारा नसता तर १६ लागले असते. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. सरासरीने वारा पुसला जात नाही.

तुमचा विषय विमानांचा नसेलही. पण डेटाच्या प्रत्येक रकान्याला हे दोन प्रश्न विचाराच: हे नेमकं काय मोजलंय, आणि कुठून कुठपर्यंत? मी ते विचारले असते, तर ती यादी पुन्हा करावी लागली नसती.