पंख्याला रेग्युलेटर का नाही?

“अरे, एवढी पीएच.डी. केलीस आणि साधा पंखा हळू करता येत नाही तुला?”

योसेमिटीच्या दरीत, रात्री साडेअकरा वाजता, मातोश्रींनी अंधारात हा प्रश्न विचारला. पलीकडून सौ.चं हसू ऐकू आलं. निदान मला तसं वाटलं, कारण डोक्यावरच्या पंख्याच्या आवाजात नक्की काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. माझा प्रबंध फ्लुइड मेकॅनिक्सवर आहे. पोट सॉफ्टवेअरवर भरत असलं तरी हवा आणि पाती यांच्याशी चार वर्षं संसार केलेला माणूस मी, त्यामुळे प्रश्न जिव्हारी लागला.

प्रसंग २०२४ च्या जूनमधला. आई सांगलीहून आली होती. आदल्या वर्षी आम्ही हौसेनं एक जुनी, चोवीस फुटी आर.व्ही. घेतली होती, तीच घेऊन निघालो. ज्यांनी ही हौस अजून केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: चाळीतल्या खोलीला चाकं लावली की आर.व्ही. होते. स्वयंपाकघर, मोरी, निजायची जागा, सगळं एका हाताच्या अंतरावर. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये गाडीला वीज जोडायची सोय नाही. रात्री दहा ते सकाळी सहा हे शांततेचे तास, त्यात जनरेटर चालवायचा नाही. म्हणजे रात्रभर जे काही चालेल ते बॅटरीवर. एअरकंडिशनरचा प्रश्नच नव्हता, आणि चार हजार फुटांवरच्या रात्री त्याची गरजही नसते. गरज असते ती हवा खेळती राहण्याची.

ही गरज आम्हाला दुसऱ्या रात्री कळली. पहिल्या रात्री पंख्यामुळे कोणी झोपलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या रात्री तो बंद ठेवला आणि थंडीमुळे खिडक्याही लावून घेतल्या. पाच माणसं रात्रभर श्वासातून आणि घामातून लिटरभर तरी पाणी हवेत सोडतात. घरात ते जाणवत नाही, पण हजारेक घनफुटांच्या डब्यात ते जाणार कुठे? पहाटे काचांवरून ओघळ येत होते, गादीची भिंतीकडची बाजू ओली लागत होती. आईला जुना दमा आहे. तीन वाजता ती उठून बसली ती झोपलीच नाही. दोनदा इनहेलर घेतला, मग शाल गुंडाळून बाहेर खुर्चीवर बसली, आणि मी शेजारी. उरलेल्या दोन रात्रींचं बुकिंग सोडून आम्ही सकाळी परत निघालो. वाटेत ती फारसं बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, “आपल्या माजघरातल्या पंख्याला एक ते पाच आकडे होते बघ.”

होते खरे. आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणी भिंतीवर ती काळी, वजनदार रेग्युलेटरची पेटी असायची. तिच्यात तारेची वेटोळी असत. एकवर ठेवलं की जास्त तार वाटेत यायची आणि पंख्याला कमी दाब मिळायचा. पेटी मात्र तापायची, कारण पंख्याची वाचलेली वीज बरीचशी तिथेच उष्णता होऊन जायची. पुढे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले. ते तापत नसत, पण कमी वेगावर पंखा घूं घूं करी, कारण ते विजेच्या लाटेचा थोडा तुकडा कापून टाकत आणि त्या कापाकापीचा नाद मोटरमध्ये उमटे. त्यानंतर कपॅसिटरचे आले, तेव्हा ती घूं घूं गेली. आपल्या वडिलधाऱ्यांनी नकळत तीन पिढ्यांचं तंत्रज्ञान एकाच भिंतीवर बदललं. आर.व्ही.च्या छतातला पंखा मात्र बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. ती एकदिश वीज, घरातली उलटसुलट, त्यामुळे घरचा रेग्युलेटर इथे उपयोगाचा नाही. आणि स्वस्त गाड्यांत बनवणारा एक बटण लावून मोकळा होतो: चालू किंवा बंद.

परत आल्यावर मी आधी एक चूक केली, ती सांगतो. “शांत” म्हणून मिळणारा महागडा पंखा मागवायला निघालो होतो. सौ. म्हणाली, आधी हा का ओरडतो ते तरी बघा. ओरडण्याची तीन कारणं असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं कारण छत. तंबोऱ्याची तार नुसती ताणून छेडली तर कितीसा आवाज येईल? तो मोठा होतो भोपळ्यामुळे आणि तबलीमुळे. आर.व्ही.चं छत ही तशीच पातळ तबली आहे आणि पंखा तिला स्क्रूनं घट्ट आवळलेला असतो. मी चौकट हातानं दाबून धरली तर आवाजातला घोगरेपणा एकदम गेला. दोन स्क्रू ढिले होते, झाकण खडखडत होतं आणि पात्यांवर धुळीचा थर असमान बसला होता. पाती धुतली, एका पात्याला मागून चिकटपट्टीचा लहान तुकडा लावून तोल साधला (हे चुकतमाकतच करावं लागतं, माझा तुकडा चौथ्यांदा योग्य पात्यावर बसला), आणि मोटर जिथे चौकटीला बसते तिथे रबरी वायसर घातले. खर्च तीन डॉलर.

दुसरं कारण कोंडी. पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. सगळं बंद असेल तर पंखा आवाज करतो आणि हवा हलत नाही. निजायच्या बाजूची, पंख्यापासून सर्वांत लांबची एक खिडकी दोन बोटं उघडली की झोत सगळ्यांवरून जातो. यात सुरक्षेचाही भाग आहे. कोंडलेला पंखा शेगडीचा किंवा शेजारच्या जनरेटरचा धूर भलत्या फटीतून आत ओढू शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो की नाही हे तपासल्याशिवाय पंख्याच्या कामाला हात लावू नका.

तिसरं आणि सर्वांत मोठं कारण वेग. इथे थोडं गणित, पण ते गोड आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही निम्मी येते. आवाज मात्र साधारण १५ डेसिबलनं उतरतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. लागणारी शक्ती तर वेगाच्या घनानं बदलते, म्हणजे निम्म्या वेगाला एक अष्टमांश. आता असं समजा की एका पंख्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगानं लावले. हवा तेवढीच. दोन आवाज मिळून ३ डेसिबलची भर, तरी निव्वळ १२ डेसिबलचा फायदा. वीज एक चतुर्थांश. प्रबंधाच्या वेळी हे नियम मी इतक्या वेळा लिहिले होते, पण स्वतःच्या आईच्या डोक्यावर लावून पाहायचं सुचलं नव्हतं. शिवाय रात्री एवढी हवा लागतेच कुठे? पूर्ण वेगातला पंखा दोन-तीन मिनिटांत सगळ्या गाडीतली हवा बदलतो. फोडणी जळली तर ते ठीक आहे.

वेग कमी करण्यासाठी मी लावला तो बटाट्याएवढा एक छोटा कंट्रोलर. तो वीज अडवत नाही, अतिवेगानं चालू-बंद करतो. निम्मा वेळ चालू ठेवला की मोटरला सरासरी निम्मा दाब मिळतो, आणि जुन्या पेटीसारखी उष्णताही होत नाही. पण ही चालू-बंद सेकंदाला किती वेळा होते हे बघून घ्या. माझा पहिला कंट्रोलर लावला आणि मी समाधानानं म्हणालो, “काय शांत झालं!” बारा वर्षांचे चिरंजीव कानांवर हात ठेवून उभे. “बाबा, शिट्टी वाजतेय.” मला आणि आईला काही ऐकू येईना. त्या कंट्रोलरचा ठोका सेकंदाला सुमारे पंधरा हजार होता. वयाबरोबर वरच्या पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून आम्हाला शांतता आणि त्याला शिट्टी. वीस हजारांच्या वरचा कंट्रोलर आणला तेव्हा घरात एकमत झालं.

आणखी काही गोष्टी अनुभवाच्या. बॅटरीची तार सोडवल्याशिवाय काम करू नये, आणि कंट्रोलरच्या आधी फ्यूज असलाच पाहिजे. ब्रशवाली मोटर फार कमी दाबावर सुरूच होत नाही, नुसती अडून तापत राहते. म्हणून सुरू करताना आधी जोरात फिरवून मग खाली आणावी, आणि जिथे ती अडते त्याच्या बरीच वर खुंटीची खालची मर्यादा ठेवावी. ब्रशलेस मोटरला मात्र हा कंट्रोलर लावू नका. तिच्या पोटात तिचं स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याला तुटक वीज मानवत नाही.

मोरीतला सहा इंची पंखा मी काढूनच टाकला. त्या जागी प्लायवुडच्या कड्यात संगणकाचा १२० मिलिमीटरचा पंखा बसवला. चार तारांच्या अशा पंख्यांना वेगाची आज्ञा वेगळ्या तारेतून जाते. इंटेलच्या मानकात त्या आज्ञेचा ठोका सेकंदाला २५ हजार आहे, म्हणजे शिट्टीचा प्रश्न तिथे आधीच सुटलेला. एकच काळजी: हे पंखे १२ व्होल्टचे, आणि गाडीची बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर जाते. मध्ये दाब स्थिर ठेवणारा लहानसा रेग्युलेटर घातला.

फोनवरच्या मापकानं (त्याच्या आकड्यांवर फार विसंबू नये, पण फरक कळतो) उशीपाशी आधी ६४ दिसत होते, आता रात्रीच्या वेगाला ४७ दिसतात. वीज गणितात म्हटली तेवढी वाचली नाही, मोटरचं स्वतःचं घर्षण असतंच. पण पूर्वी अडीच अँपिअर ओढणारा छतावरचा पंखा आता अर्ध्या अँपिअरवर रात्र काढतो.

ऑगस्टमध्ये, आई परत जायच्या पंधरवडाभर आधी, समुद्राकाठी दोन रात्री काढल्या. काचांवर सकाळी थोडं धुकं होतं, ओघळ नव्हते. इनहेलर पिशवीतच राहिला. कंट्रोलरच्या खुंटीभोवती आईनं स्वतः मार्करनं १ ते ५ आकडे लिहिले आहेत. ३ आणि ४ मधलं अंतर जरा चुकलंय, पण ते मी तसंच ठेवलं आहे. ती दोनवर झोपते.