चमचा न वाकवता वाकवायचा कसा?

स्वयंपाकघरातले पाच-सहा चमचे घ्या. सगळे अगदी सारखे, हो ना? आता मोजपट्टी घेऊन नीट मोजा. कुणाचा बाक जरा जास्त, कुणाचा जरा कमी! एवढ्याशा फरकावर अमेरिकेतली एक अख्खी प्रयोगशाळा फसली होती, बरं का.

साल 1979. सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाला जेम्स मॅकडोनेल नावाच्या विमान-उद्योजकाने 5 लाख डॉलर दिले. कशासाठी? नुसत्या मनाच्या जोरावर वस्तू वाकवता येतात का, ते तपासायला! प्रमुख होते पीटर फिलिप्स, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आपल्या अंगात अशी शक्ती आहे म्हणणाऱ्यांतून त्यांनी दोघांना निवडलं: 18 वर्षांचा स्टीव्ह शॉ आणि 17 वर्षांचा मायकेल एडवर्ड्स.

दोघेही होते छुपे जादूगार! जेम्स रँडी या नामवंत जादूगाराशी त्यांचं आधीच ठरलं होतं. अट एकच: ‘तुम्ही हातचलाखी करता का?’ असं कुणी सरळ विचारलं, तर खरं सांगून टाकायचं.

कुणी विचारलंच नाही.

प्रयोगात प्रत्येक चमच्याला नंबराची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली असे. आधी चमचा मोजायचा, मग मुलाने त्याच्यावर ‘शक्ती’ लावायची, मग पुन्हा मोजायचा. मुलं कुरकुरली, ‘‘ही चिठ्ठी मधे मधे येते!’’ बरं, मग काढा आणि नंतर परत बांधा. झालं! परत बांधताना दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल. चमचे होते तसेच, पण वहीतला आकडा बदलला. शास्त्रज्ञ थक्क!

मला तर ही युक्ती प्रत्यक्ष चमचा वाकवण्यापेक्षा भारी वाटते.

इतकी शिकलेली माणसं फसली कशी? अहो, त्यांचा रोजचा व्यवहार प्रामाणिक वस्तूंशी. तापमापी काही तुमची नजर चुकवून आकडा बदलत नाही. चुंबक थापा मारत नाही. समोरचा मुद्दाम फसवतोय, हे गृहीत धरायची सवयच नसते. जादूगाराचं मात्र तेच काम: तुम्ही कुठे बघाल आणि कधी बेसावध असाल, हे हेरायचं. म्हणून तर रँडीने फिलिप्सना आधीच पत्र लिहून 11 सूचना दिल्या होत्या. मुलांच्या सांगण्यावरून प्रयोगाचे नियम बदलू नका, ही त्यातलीच एक! शिवाय, मी मदतीला येतो, असंही कळवलं होतं.

1981 मध्ये प्रयोगशाळेने नियम कडक केले आणि दोघांची ‘शक्ती’ आटली. 1983 मध्ये रँडीने पत्रकारांसमोर सगळं गुपित फोडलं.

शॉ पुढे ‘बानाचेक’ या नावाने व्यावसायिक जादूगार झाला. आता लोक तिकीट काढून त्याच्याकडे फसायला जातात!