अटीचा निवाडा कोणाच्या दारी?

तामिळनाडू सरकारने २०११ पासून सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना जे लॅपटॉप विनामूल्य वाटले, त्यांवर विंडोजच्या जोडीला ‘बॉस’ ही लिनक्स प्रणालीही घातलेली असे. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने ती डेबियनच्या पायावर रचलेली आहे. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याने अशा यंत्रावर ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर मागवले, तर ते बांधून तयार अशा पॅकेजच्या रूपाने त्याच्या हाती पडते, आणि बांधताना कोणकोणत्या अटी तपासल्या गेल्या याची त्याला वार्ताही नसते. वस्तुतः डेबियनच्या मूळ मसुद्यांत ‘अल्सा’ ही ध्वनीची लायब्ररी फक्त लिनक्सवर लागेल, अन्यत्र नाही, अशी कलमे चौकटी कंसात घातलेली आढळतात. परंतु त्यांचा निवाडा बांधणीच्या ठिकाणीच होऊन जातो आणि गिऱ्हाइकाकडे पोहोचतो तो केवळ निकाल.

याउलट, मूळ सोर्स कोड आणून तो गिऱ्हाइकाच्याच यंत्रावर कंपाइल करावयाचा, असा ज्या पॅकेज मॅनेजरांचा शिरस्ता आहे, त्यांना हा निवाडा दर यंत्रागणिक नव्याने करावा लागतो. फ्रीबीएसडीच्या ‘पोर्ट्स’ने १९९४ साली ही वाट घातली; २००२ मध्ये जेंटू लिनक्सची पहिली आवृत्ती आणि मॅकसाठीचे डार्विनपोर्ट्स, म्हणजेच पुढचे मॅकपोर्ट्स, ही दोन्ही त्याच वाटेने आली.

जेंटूच्या ‘पोर्टेज’मध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरची ईबिल्ड नावाची फाइल असते, आणि सशर्त डिपेंडन्सी तीत अशी नोंदवतात की, आधी अटीचे नाव, मग प्रश्नचिन्ह, आणि पुढे कंसात त्या अटीवर लागणाऱ्या जिनसा. ‘एल्फयूटिल्स’चे उदाहरण पाहण्याजोगे आहे. कंपाइल झालेल्या फाइलींची अंतर्रचना उलगडणाऱ्या या साधनाला आर्ग्प, एफटीएस आणि ऑबस्टॅक अशा तीन सोयी हव्या असतात. ग्लिबसी या रूढ सी-लायब्ररीत त्या उपजतच आहेत, मसल या आटोपशीर सी-लायब्ररीत नाहीत, म्हणून मसल असेल तर तिन्ही निराळ्या आणाव्यात, असे कलम तेथे आहे. येथे घाईच्या माणसाने ‘लिनक्स आहे काय?’ असा प्रश्न घातला असता तर तो सर्वस्वी निरर्थक ठरला असता, कारण लिनक्स दोन्हीकडे आहे. या विद्येतले निम्मे कसब प्रश्न नेमक्या गोष्टीविषयी विचारण्यात आहे, असे माझे मत आहे. शिवाय ‘ग्लिबसी’, ‘मसल’ असे यंत्राच्या जातीचे जे शेरे या अटींत येतात, ते बदलण्याची मुभा सामान्य वापरकर्त्यास नसते. ते यंत्रासाठी निवडलेल्या प्रोफाइलबरहुकूम, म्हणजे जेंटूच्या ठरीव मांडणीनुसार, कायम केलेले असतात.

मॅकपोर्ट्सची तऱ्हा निराळी. तेथील पोर्टफाइल टिकल या भाषेतला चालता प्रोग्रामच असल्यामुळे तीत हवी ती शर्त लिहिता येते. वेळ मोजणारे ‘क्लॉक गेटटाइम’ हे फंक्शन मॅकओएसमध्ये २०१६ च्या १०.१२ या आवृत्तीत, म्हणजे तिचा गाभा असलेल्या डार्विनच्या १६ व्या आवृत्तीत, आले. सबब डार्विन १५ पर्यंतच्या जुन्या यंत्रांवर ते पुरविणारी ‘लेगसी सपोर्ट’ लायब्ररी जोडावी लागते, नव्यांवर नाही. हे स्वातंत्र्य मोठे खरे, पण त्याची किंमत सगळ्या पोर्टफाइलींच्या सूचीच्या दप्तरात मोजावी लागते. प्रोग्राम ज्या यंत्रावर चालला त्याच्यापुरतेच त्याचे उत्तर खरे. पंचांगाचेच पाहा: तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात, १६७६ ते १८५५ या काळात, कावेरीकाठी स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी कुंभकोणमला बसून पुण्याच्या सूर्योदयाचे पंचांग पाहील, तर रेखांशाच्या साडेपाच अंशांपायी कुंभकोणमचा सूर्योदय सुमारे २२ मिनिटे अलीकडे येतो, आणि तेवढ्या अवधीत तिथी पालटली तर दिवसाची तिथीच निराळी ठरते; गणिताची रीत हाती असली तर कोणत्याही गावचे पंचांग मांडता येते, छापील कोष्टक मात्र त्या एका गावचे. मॅकपोर्ट्सला म्हणूनच प्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीची आणि प्रोसेसरच्या प्रत्येक जातीची निरनिराळी सूची तयार करून ठेवावी लागते. पोर्टेजची शर्त प्रोग्राम नसून केवळ नोंद असल्यामुळे ती कोणत्याही यंत्रावर बसून कोणत्याही यंत्रासाठी वाचता येते. लिहिणाऱ्याचे हात बांधणारी ही शिस्त मला अधिक पसंत आहे.

तथापि तिलाही एक जागा अडते. रास्पबेरी पायसाठीचे सॉफ्टवेअर टेबलावरच्या इंटेल संगणकावर कंपाइल करावयाचे, तर यंत्रे दोन झाली, एक बांधणीचे आणि एक लक्ष्याचे. २०१८ साली मंजूर झालेल्या ईएपीआय ७ या नियमावलीने बांधणीच्या यंत्रावर चालणाऱ्या साधनांसाठी ‘बीडिपेंड’ हे निराळे सदर उघडले, आणि सीमेकसारखे साधन पायसाठी कंपाइल करण्याचा खटाटोप त्यामुळे टळला. परंतु त्या सदरातही प्रश्नचिन्हापूर्वीची अट वाचली जाते ती लक्ष्ययंत्राचेच शेरे पाहून. ज्या टेबलावर काम चालले आहे, त्यावरच्या यंत्रात ग्लिबसी आहे की मसल, हे विचारावयाचे झाल्यास त्या नियमावलीत अद्याप कलम नाही.