पाय कुणी निवडले?

माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला अमेरिकेतल्या मावसभावाकडून वापरलेला निन्टेंडो डीएस मिळाला. पुस्तकासारखं मिटणारं, दोन स्क्रीनचं, तळहातावर मावणारं यंत्र. सोबत एकच गेम होता, ‘स्पोर क्रीचर्स’. तिच्या आईने मला विचारलं, “दादा, हा खेळू देऊ का हिला? मारामारी वगैरे नाही ना त्यात?” मग दोन संध्याकाळी मी भाचीच्या शेजारी बसलो. मारामारीचा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी सुटला. दुसऱ्या संध्याकाळी तिने आपल्या प्राण्याला नवे पाय चिकटवले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, जिराफानेपण अशीच मान लांब करून घेतली का?”

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

‘स्पोर’ हा मूळ संगणकावरचा खेळ सप्टेंबर २००८ मध्ये आला. तो विल राइट यांनी रचला, ‘सिमसिटी’ आणि ‘द सिम्स’ करणारे तेच. एका पेशीपासून सुरुवात करून प्राणी, टोळी, संस्कृती आणि शेवटी अंतराळ, असा त्याचा प्रवास. ‘स्पोर क्रीचर्स’ हे त्याचं हातात धरायच्या यंत्रासाठी केलेलं धाकटं भावंड, फक्त प्राण्याच्या टप्प्याभोवती फिरणारं. आपल्या प्राण्याचा मित्र पळवला जातो, त्याला शोधत हिंडायचं, वाटेत तोंडं, डोळे, हात, पाय गोळा करायचे आणि अंगाला जोडायचे. भेटणाऱ्या प्राण्याशी लढता येतं किंवा मैत्री करता येते, दोन्ही स्टायलसनेच.

लढाई कार्टूनसारखी आहे. तिने नऊ वर्षांच्या मुलाची झोप उडेल असं मला वाटत नाही. इंग्रजी वाचावं मात्र लागतं, त्यामुळे अगदी लहान मुलं अडतात.

आणि एक गोष्ट मला मनापासून आवडली. कोणता अवयव लावला की प्राण्याला काय जमतं, हे मूल स्वतः करून बघतं. रचना आणि काम यांचं नातं फळ्यावर शिकवणं किती अवघड आहे, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. संगणकावरच्या खेळात तर मुलाने तीन पाय लावले किंवा सात, त्या प्राण्याची चाल ऐन वेळी गणिताने काढली जाते, कारण असा प्राणी येणार हे चित्रकाराला आधी ठाऊकच नसतं. डीएसची मेमरी जेमतेम ४ मेगाबाइट. म्हणून त्यावरचे प्राणी कागदातून कापल्यासारखे चपटे दिसतात. भाचीला त्याचं काहीच वाटलं नाही.

आता जिराफ.

तिचा प्रश्न लामार्कचा आहे. प्राणी धडपडतो, अवयव वापरून वाढवतो आणि ती वाढ पिल्लांना मिळते, असं या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०९ मध्ये मांडलं होतं. पण लामार्कच्या जिराफाला निदान मान ताणावी लागत होती. खेळातल्या प्राण्याला तेवढंही करावं लागत नाही. बाहेर बसलेलं मूल त्याचे पाय निवडतं. १८५९ मध्ये डार्विनने जे मांडलं, ते याच्या नेमकं उलट आहे. एकाच कळपातले प्राणी जन्मतःच थोडे थोडे वेगळे असतात, त्यांतल्या काहींची पिल्लं जास्त जगतात आणि पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की कळपाचं रूप पालटतं. निवडणारा कुणी नसतो. आणि बदलतो तो कळप, एकटा प्राणी नाही. खेळात कळपातले हे बारीक फरकच नाहीत, एकच नायक आहे. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने मूळ ‘स्पोर’ शास्त्रज्ञांकडून तपासून घेतला होता. नाइल्स एल्ड्रेज आणि टी. रायन ग्रेगरी हे उत्क्रांतीचे अभ्यासक त्यांत होते. उत्क्रांतीच्या विषयात खेळ नापास झाला.

मला त्याहून मोठी उणीव वाटते ती इतिहासाची. खेळात प्रत्येक अवयव कोरा असतो, कुठूनही उचलून कुठेही लावता येतो. निसर्गाला ही मुभा नाही. त्याला घरात आहे त्याच सामानातून भागवावं लागतं. पांडाला बांबू सोलायला अंगठा हवा होता. त्याची पाच बोटं आधीच कामाला लागलेली, म्हणून मनगटाचं एक छोटं हाड मोठं होऊन अंगठ्यासारखं वापरात आलं. वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर आणि आपला हात सोलून पाहिले तर आत एकच आराखडा निघतो: खांद्याला एक हाड, पुढे दोन, मग मनगटाची लहान हाडं आणि बोटं. हा आराखडा फार जुना आहे. कॅनडाच्या एल्समिअर बेटावर २००४ मध्ये नील शुबिन आणि सहकाऱ्यांना ‘टिक्टालिक’ या माशाचे जीवाश्म सापडले, सुमारे ३७ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचे. त्याच्या परात एक हाड, दोन हाडं आणि पुढे लहान हाडं अशी मांडणी दिसते. आपले पाय आपण निवडलेले नाहीत. ते वारशात आले आहेत.

त्या रविवारी घरात कोंबडीचं कालवण होतं. पंखाचा तुकडा ताटात घेऊन भाचीने हाडं मोजली, एक आणि मग दोन. नंतर स्वतःचा हात कोपरापासून चाचपून पाहिला. “म्हणजे हिला लावून नाही दिलं कुणी?” तिने विचारलं. नाही, कुणीच नाही.

नऊ वर्षांच्या मुलीला हे फार होतं का? तसं नाही. डेबोरा केलेमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की पाच ते आठ वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याच्या चित्रमय गोष्टीतून नैसर्गिक निवडीची मूळ कल्पना समजते. त्याआधी २००२ मध्ये अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना चित्रं दाखवली होती. आठ वर्षांची मुलं ७८ टक्के पोकेमॉन ओळखत होती, पण आपल्याच देशातले प्राणी आणि झाडं ५३ टक्केच. मुलांच्या डोक्यात जीवसृष्टीसाठी केवढी जागा आहे, हे त्या आकड्यांतून दिसतं. ती कशाने भरायची, हे मोठ्यांच्या हातात आहे. (पोकेमॉनमध्ये ज्याला उत्क्रांती म्हणतात, ते खरं तर सुरवंटाचं फुलपाखरू होण्यासारखं रूपांतर आहे. घरी पोकेमॉन असेल तर तेही सांगावं.)

तिच्या आईला मी सांगितलं ते असं. खेळू दे. इंग्रजी वाचता येणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हा खेळ चांगला आहे, खेळणी जोडण्याचा डबा चांगला असतो तसा. वेळ मात्र बांधून दे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांहून कमी स्क्रीन सांगितली आहे, आणि टीव्ही आणि मोबाइलही त्यातच धरायचे. उत्क्रांती शिकवणारा खेळ म्हणून मात्र तो देऊ नकोस.

आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा येतो दहावीत. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकल्याचं २०२३ मध्ये सर्वांनी वाचलं. म्हणजे मूल पंधरा वर्षांचं होईपर्यंत, किंवा त्याहून उशिरापर्यंत, शाळा या विषयाचं नाव घेईलच असं नाही. तोवर खेळाने सांगितलेलं मनात पक्कं बसलेलं असतं. तेव्हा मुलाच्या हातात असा खेळ देणार असाल, तर पहिले दोन दिवस त्याच्या शेजारी बसा आणि त्या प्राण्याचे पाय कुणी निवडले, हे त्याला विचारा.