जागृत रुग्णाची कर्णशस्त्रक्रिया व शामक औषधे

कर्णपटलाचे छिद्र बुजविण्याची शस्त्रक्रिया प्रौढ रुग्णावर स्थानिक बधिरीकरणाखाली करता येते. लिग्नोकेन व अ‍ॅड्रेनलिन टोचल्याने वेदना थांबते. परंतु कानाशीच चाललेला यंत्राचा घरघराट आणि दीर्घकाळ एका कुशीस वळवून ठेवलेली मान यांनी रुग्ण अस्वस्थ होतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची किंचित हालचालही घातक ठरते. म्हणून शामक औषध द्यावयाचे. पण रुग्णास गाढ झोप लागून चालत नाही. हाक मारताच त्याने ओ दिली पाहिजे, कारण ऐकू येऊ लागले की नाही, हे शस्त्रवैद्यास तेथेच विचारता येते.

मिडॅझोलाम भीती घालविते, त्या वेळची स्मृतीही राहू देत नाही. तथापि अफूवर्गीय वेदनाशामकाची जोड मिळाली की श्वसन मंदावते. क्वचित रुग्ण शांत होण्याऐवजी चळवळ करू लागतो. डेक्समेडिटोमिडीन अमेरिकेत १९९९ साली अतिदक्षता विभागासाठी आणि २००८ साली शस्त्रक्रियेतील शमनासाठी मान्य झाले. ते मेंदूतील नॉरअ‍ॅड्रेनलिनचा स्राव कमी करते. त्यामुळे येणारी निद्रा नैसर्गिक निद्रेच्या जवळची असून श्वसन बहुधा अबाधित राहते. रक्तदाब उतरल्याने रक्तस्रावही घटतो. थेंबभर रक्ताने जेथे सारे दृश्य झाकोळते तेथे हा लाभ लहान नव्हे.

मात्र किलोग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम ही आरंभीची मात्रा १० मिनिटांत सावकाश द्यावी लागते. घाई झाल्यास नाडी धोकादायक रीतीने मंदावते, आणि मिडॅझोलामला जसा फ्लुमॅझेनिलचा उतारा आहे, तसा मानवी वापरासाठी मान्य उतारा या औषधास नाही.